कॅराव्हॅनआड लपलेली लेन

ब्रिटनमध्ये शाळांना उन्हाळ्याची सुट्टी लागली की एम-५ महामार्गावर पांढऱ्या कॅराव्हॅनची रांग लागते. डेव्हन आणि कॉर्नवॉलच्या किनाऱ्यांकडे निघालेल्या या फिरत्या घरांना स्वतःचं इंजिन नसतं. रोजच्या वापरातल्या मोटारीच्या टो-बॉलला अडकवून ती ओढत न्यायची असतात. कॅराव्हॅन जोडल्याबरोबर चालकाचा आतला आरसा निरुपयोगी होतो, कारण त्यात मागच्या रस्त्याऐवजी कॅराव्हॅनची पुढची भिंत दिसते. मागच्या वाहतुकीची सगळी खबर आता बाजूच्या दोन आरशांनी द्यायची, आणि ते आरसे तर मोटारीच्या रुंदीच्या हिशेबाने बनवलेले असतात. म्हणून त्यांच्यावर जादा आरसे चढवावे लागतात. हेच टोइंग मिरर.

ब्रिटनच्या कायद्याने कॅराव्हॅन मोटारीच्या मागच्या भागापेक्षा रुंद असेल तर योग्य टोइंग मिरर लावणं सक्तीचं आहे. ते नसतील तर १,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो आणि परवान्यावर दंडाचे ३ पॉइंट चढू शकतात. १६ डिसेंबर २०२१ पासून तिथल्या साध्या मोटार परवान्यावर वेगळी परीक्षा न देता ३,५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो. त्यामुळे पहिल्यांदाच कॅराव्हॅन जोडणाऱ्यांना, त्यात तिथे स्थायिक झालेली मराठी कुटुंबंही आली, आरशांची निवड स्वतःच शिकून घ्यावी लागते. दुकानात सपाट, फुगीर, लांब दांड्याचे, पट्ट्याचे, स्क्रूचे असे कितीतरी प्रकार समोर येतात आणि बरेच जण किंमत बघून किंवा सगळ्यात मोठी काच बघून उचलतात. खरं तर विचारायचे प्रश्न तीनच आहेत आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. आरसा नेमका कुठे येतो? त्याची काच कशी आहे? आणि तो किती स्थिर राहतो? तिन्हींची उत्तरं शाळेत शिकलेल्या भूमितीत आणि प्रकाशशास्त्रात आहेत.

वीतभर कमतरतेची किंमत

मोटार १.८५ मीटर रुंद आणि कॅराव्हॅन २.३ मीटर रुंद आहे असं धरू. म्हणजे दोन्ही बाजूंना कॅराव्हॅन वीतभर बाहेर येते. मोटारीचा आरसाही थोडा बाहेर असतो, तरी त्याच्या काचेचा मध्य कॅराव्हॅनच्या कडेपासून सुमारे २० सेंटीमीटर आतच राहतो. आता आरशातून निघून कॅराव्हॅनच्या पुढच्या कोपऱ्याला चाटून मागे जाणारी रेषा डोळ्यांसमोर आणा. तो कोपरा आरशापासून साधारण सव्वाचार मीटर मागे असतो. तेवढ्या अंतरात ही रेषा २० सेंटीमीटर बाहेर सरकते, आणि पुढे त्याच तिरकसपणाने बाहेर जात राहते. तिच्या आतल्या बाजूचं काहीच आरशात येत नाही.

आरशाच्या २० मीटर मागे हा न दिसणारा पट्टा कॅराव्हॅनच्या कडेपासून पाऊण मीटर रुंद होतो. तिथे एखादा सायकलस्वार पूर्ण मावतो. ६० मीटर मागे तो अडीच मीटरांच्या वर जातो. ब्रिटनमधल्या महामार्गाची लेन साधारण ३.६५ मीटरची असते, म्हणजे शेजारच्या लेनच्या मध्यातून येणारी मोटार त्या अंतरावर निम्मी आडोशाला गेलेली असते आणि मोटारसायकल तर मुळीच दिसत नाही. महामार्गावर कॅराव्हॅनला ताशी ६० मैलांची मर्यादा आहे, मोकळ्या मोटारीला ७० मैलांची. दोन्ही आपापल्या मर्यादेने चालत असतील तर मागची मोटार दर सेकंदाला साडेचार मीटर जवळ येते आणि ते ६० मीटर अंतर १३ सेकंदांत संपवते. आरशापाशी कमी पडलेली वीत मागे आख्खं वाहन लपवते, ती अशी.

म्हणून पहिला निकष काचेच्या आकाराचा नसून जागेचा आहे. काच कॅराव्हॅनच्या कडेच्या थोडी बाहेर गेली की ती तिरकी रेषा कॅराव्हॅनच्या बाजूला समांतर होते आणि आडोसा नाहीसा होतो. कितीही बाहेर काढून मात्र चालत नाही. आरसा कॅराव्हॅनच्या कडेपासून २५ सेंटीमीटरपेक्षा जास्त बाहेर येता कामा नये. कॅराव्हॅन सोडून नुसती मोटार चालवताना हीच मर्यादा मोटारीच्या कडेपासून मोजतात. म्हणून मुक्कामी पोचल्यावर जादा आरसे काढून ठेवायचे. खरेदीला निघण्याआधी टेप घेऊन मोटारीची आणि कॅराव्हॅनची रुंदी मोजली की किती लांब दांडा हवा ते घरीच कळतं.

सपाट काच की फुगीर?

दुसरा प्रश्न काचेचा. हातात मावणारा सपाट आरसा आणि स्कूटरचा फुगीर आरसा घेऊन खिडकीकडे पाठ करून उभे राहा आणि दोन्हींत खिडकीबाहेरची इमारत बघा. आधी आरसा चेहऱ्याजवळ धरा, मग हात पूर्ण लांब करा. सपाट आरशात खिडक्यांचा आकार तोच राहतो, पण दिसणाऱ्या खिडक्यांची संख्या झपाट्याने घटते. स्कूटरच्या आरशात संख्या त्या मानाने कमी घटते, पण इमारत आक्रसत जाते. टोइंग मिररच्या निवडीतला सगळा पेच या प्रयोगात आहे.

आता आकडे घालू. २० सेंटीमीटर रुंद सपाट काच चालकाच्या बाजूला डोळ्यांपासून ८० सेंटीमीटरवर असेल तर तिच्यातून सुमारे १४ अंशांचा देखावा दिसतो. तीच काच दुसऱ्या बाजूला, दीड मीटरवर गेली की उरतात जेमतेम साडेसात अंश. आरसा तिरका बसतो, त्यामुळे प्रत्यक्षात दोन्ही आकडे थोडे कमीच भरतात. ब्रिटनमधला दंडक असा आहे की चालकाच्या २० मीटर मागे, कॅराव्हॅनच्या बाजूपासून ४ मीटर रुंदीचा पट्टा दिसला पाहिजे. त्यासाठी ११ अंशांच्या वर देखावा लागतो. चालकाच्या बाजूची सपाट काच या परीक्षेत काठावर पास होते, दुसऱ्या बाजूची नापास.

फुगीर, म्हणजे बहिर्वक्र काच इथे उपयोगी पडते. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या नियम क्रमांक ४६ नुसार मोटारीच्या बाहेरच्या मुख्य आरशाची वक्रता त्रिज्या १,२०० मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही. या किमान त्रिज्येची २० सेंटीमीटरची काच चालकाच्या बाजूला सुमारे ३३ अंश दाखवते आणि दूरच्या बाजूला २७. हा लाभ फुकट मात्र मिळत नाही. किती लहान दिसेल याचा ढोबळ हिशेब सोपा आहे. डोळा ते आरसा या अंतराची दुप्पट करा, वक्रता त्रिज्येने भागा आणि उत्तरात १ मिळवा. चालकाच्या बाजूला उत्तर येतं सुमारे २.३, दूरच्या बाजूला ३.५. म्हणजे २० मीटरवर आलेली मोटार जवळच्या फुगीर आरशात ४७ मीटरवर असल्यासारखी भासते आणि दूरच्या आरशात चक्क ७० मीटरवर. आरशात दिसतात त्यापेक्षा वस्तू जवळ आहेत, ही मोटारीच्या आरशावरची सूचना आपण रोज वाचतो. काच फुगीर असल्याची ती खूण आहे. अमेरिकेत तर चालकाच्या बाजूचा आरसा सपाटच असावा असा नियम आहे.

ब्रिटनमध्ये आपल्यासारखंच डावीकडून चालवतात आणि चालक उजवीकडे बसतो. उजवीकडून मागच्या मोटारी पुढे जातात, त्यामुळे तिथे अंतराचा अंदाज बरोबर यायला हवा, आणि तोच आरसा डोळ्यांच्या जवळही असतो. म्हणून उजवीकडे रुंद सपाट काच किंवा अगदी सौम्य फुगीर काच घ्यावी. डावीकडे फुटपाथची कड, सायकलस्वार आणि वळताना आत येणारं कॅराव्हॅनचं चाक यांच्यावर नजर ठेवायची असते. तिथे अंतरापेक्षा आवाका मोलाचा, म्हणून फुगीर काच. दोन्हीकडे सारख्याच काचांची जोडी घेण्यापेक्षा ही निवड जास्त शास्त्रशुद्ध आहे. आरशावर वर्तुळातलं ‘ई’ अक्षर आणि शेजारी देशाचा क्रमांक असलेली मान्यतेची खूण आहे ना, तेही बघावं. ब्रिटनचा क्रमांक ११ आहे.

आकार फसवतो, वाढ फसवत नाही

फुगीर आरशाच्या बाबतीत एक दिलासा आहे, आणि तो मानसशास्त्राकडून आला. १९७६ मध्ये डेव्हिड ली यांनी दाखवलं की समोरून येणारी वस्तू किती वेळात आपल्यापाशी पोचेल हे कळण्यासाठी तिचं अंतर किंवा वेग माहीत असण्याची गरज नाही. डोळ्यातल्या प्रतिमेचा आकार आणि तो वाढण्याचा वेग यांचं गुणोत्तर पुरतं. आता फुगीर आरसा प्रतिमा लहान करतो, पण तिची वाढही जवळपास त्याच प्रमाणात लहान करतो. त्यामुळे गुणोत्तर जवळजवळ तसंच राहतं. म्हणजे मागची मोटार केवढी दिसते यावरून निर्णय घेतला तर चूक होईल, पण ती किती झपाट्याने मोठी होते आहे हे बघितलं तर आरसा खरं सांगतो. अडचण इतकीच की लहान प्रतिमेतली वाढ एका ओझरत्या नजरेत जाणवत नाही. लेन बदलताना थोड्या अंतराने दोनदा आरसा बघावा, या सल्ल्यामागे हे कारण आहे.

थरथरणारा आरसा

तिसरा प्रश्न स्थिरतेचा, आणि तो जुना आहे. १९११ मध्ये अमेरिकेतली पहिली इंडियानापोलिस ५०० ही शर्यत रे हॅरूनने जिंकली. बाकीच्या गाड्यांत मागून येणाऱ्यांवर नजर ठेवायला सोबत मेकॅनिक बसलेला होता. हॅरून एकटा होता आणि त्याच्या मार्मन गाडीवर समोर एक आरसा बसवलेला होता. विटांच्या त्या ट्रॅकवर आरसा इतका हादरत होता की त्यात फारसं दिसलंच नाही, असं पुढे त्याने सांगितल्याचं नोंदलेलं आहे. कॅराव्हॅनवाल्यांची सर्वांत सार्वत्रिक तक्रार आजही तीच आहे.

आरसा जितका फिरतो त्याच्या दुप्पट परावर्तित किरण फिरतो. काच अर्धा अंश हलली तर नजरेची रेषा एक अंश हलते, म्हणजे २० मीटरवर ३५ सेंटीमीटर आणि ६० मीटरवर मीटरभर. त्यात एका टोकाला धरलेल्या दांड्याचं वाकणं लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. दांडा दीडपट लांब केला की तेवढ्याच जोराने तो तिपटीहून जास्त वाकतो. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून ताशी ३० मैलांवर स्थिर वाटणाऱ्या आरशाला ६० मैलांवर चौपट जोर सोसावा लागतो. शेजारून मोठा ट्रक गेला की त्याने ढकललेल्या हवेचा धक्का वेगळाच. यावरून निवडीचा नियम निघतो. कॅराव्हॅनच्या कडेबाहेर पोचेल असा सर्वांत आखूड दांडा घ्यावा, आणि काच गरजेपेक्षा मोठी नसावी, कारण मोठी काच जास्त वारा अडवते.

पकड हीही तितकीच महत्त्वाची. आरशाच्या कवचाला रबरी पट्ट्याने बांधायचे आरसे कुठल्याही मोटारीला बसतात, पण पट्टा ताणला जातो. दोन जागी स्क्रूने आवळायच्या क्लॅम्पची पकड घट्ट असते. मात्र हल्लीच्या आरशांची कवचं निमुळती, गुळगुळीत आणि इंडिकेटरचे दिवे बसवलेली असतात, त्यामुळे क्लॅम्पला जागा मिळते का ते आपल्याच मोटारीवर लावून बघितल्याशिवाय घेऊ नये. ठरावीक मॉडेलसाठी घडवलेले आरसे सगळ्यात घट्ट बसतात, पण मोटार बदलली की तेही बदलावे लागतात. बसवण्याआधी कवच कोरडं, स्वच्छ पुसावं आणि निघाल्यावर थोड्या अंतरावर थांबून स्क्रू पुन्हा आवळावेत.

शेवटची परीक्षा मोकळ्या जागेत घ्यायची. मोटार आणि कॅराव्हॅन सरळ रेषेत उभी करा. चालकाच्या जागेपासून २० मीटर मागे कॅराव्हॅनच्या कडेच्या रेषेत खडूची एक खूण करा आणि तिथून ४ मीटर बाहेर दुसरी. सोबत्याला पहिल्या खुणेवरून दुसऱ्या खुणेकडे चालत जायला सांगा. चालकाने डोकं न हलवता तो दोन्ही खुणांच्या दरम्यान सतत आरशात दिसला पाहिजे. दोन्ही बाजूंना हे जमलं तर आरसा योग्य आहे, मग त्याची किंमत काहीही असो.

ही भूमिती फक्त ब्रिटनमधल्या कॅराव्हॅनची नाही. गाळप हंगामात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, नगरच्या रस्त्यांवर एका ट्रॅक्टरमागे उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या धावतात. बाजूने बाहेर आलेला ऊस ट्रॅक्टरपेक्षा कितीतरी रुंद असतो. तिथला आडोसा कॅराव्हॅनच्या वीतभर आडोशापेक्षा मोठा, आणि त्याच्या मागे हेल्मेट न घातलेला दुचाकीस्वार असण्याची शक्यताही मोठी. ट्रॉलीला मागे रिफ्लेक्टर लावण्याची मोहीम चांगलीच आहे, पण रिफ्लेक्टरमुळे मागच्याला ट्रॉली दिसते, ट्रॅक्टरचालकाला मागचा दिसत नाही. भरलेल्या उसाच्या कडेबाहेर पोचणारे, आखूड मजबूत दांड्यावर बसवलेले दोन फुगीर आरसे ही कमतरता भरून काढू शकतात. दुमडता येणारे केले तर रिकाम्या ट्रॉलीच्या परतीच्या खेपेला ते आडवेही येणार नाहीत. हंगामाआधी ट्रॅक्टरची तपासणी होते तेव्हा वीस मीटर मागे एक माणूस उभा करून तो चालकाला दिसतो का, एवढं बघायला कारखान्यांनी सुरुवात करावी. त्याला फक्त खडू लागतो आणि टेप.