शोरब्यात पाणी वाढवा

डिसेंबर उजाडला की सातपुड्यावरून उतरणारा वारा नंदुरबारच्या गल्लीबोळांत शिरतो. वर डोंगरात, अक्कलकुवा तालुक्यातील डाब आणि सुमारे 1,150 मीटर उंचीवरचे तोरणमाळ या भागात, काही वर्षी पहाटेचे दवबिंदूही गोठतात. खाली तापीकाठी एवढा कडाका नसतो. तरी फजरच्या नमाजसाठी वुजू करताना बोटे बधिर होतात आणि मशिदीतून परतलेला माणूस आधी चुलीजवळची जागा शोधतो. त्याच्या हातात चहाचा कप देतोच आपण. त्याऐवजी वाटीभर गरम शोरबा दिला, तर अंगात ऊब येते आणि पोटालाही आधार मिळतो.

थंडीत तहान कमी लागते, म्हणून घरातली वडीलधारी माणसे दिवसभरात जेमतेम दोन-तीन पेले पाणी पितात. दात नसलेल्या दादीला भाकरी चावत नाही. तापातून उठलेल्या मुलाला जेवण नको असते. या तिघांसाठीही शोरबा हाच सोपा उपाय आहे. त्यासाठी पाकिटातले सूप आणायची गरज नाही. त्यात बहुधा मक्याचे स्टार्च आणि मीठच जास्त असते.

कोंबडीची यखनी

सहा माणसांसाठी अर्धा किलो हाडासह कोंबडी घ्या आणि दीड लिटर थंड पाण्यात घाला. पाणी थंडच हवे. हळूहळू तापताना मांसाचा रस पाण्यात उतरतो. वर येणारा फेस काढून टाका. मग एक कांदा, आल्याचा तुकडा, सात-आठ लसूण पाकळ्या, काळी मिरी, दालचिनी आणि धणे पातळ कापडाच्या पुरचुंडीत बांधून सोडा. मंद आचेवर पाऊण तास उकळू द्या. शेवटी गाजर, वाटाणा, हिरवी लसणाची पात आणि मीठ घाला; गाजर-वाटाणा शिजेपर्यंत पातेले आचेवर ठेवा. नंदुरबारच्या पथारीवर वाळलेली लाल मिरची आपल्याला प्यारी असली, तरी आजाऱ्याच्या आणि मुलांच्या वाटीत काळी मिरीच बरी.

सर्दीला कोंबडीचा रस्सा ही केवळ दादीची समजूत नाही. बाराव्या शतकात इजिप्तमधील अय्यूबी दरबाराचे हकीम मूसा इब्न मैमून यांनीही तो सांगितला होता. 2000 साली अमेरिकेत प्रयोगशाळेत झालेल्या एका अभ्यासात अशा सूपमुळे सूज वाढवणाऱ्या पांढऱ्या पेशींची हालचाल मंदावलेली दिसली. हा प्रयोग माणसांवर नव्हे, काचेच्या भांड्यात झाला होता. म्हणून ताप उतरत नसेल किंवा धाप लागत असेल, तर सूपवर विसंबू नका, डॉक्टरांकडे जा.

पाया

चार पाये भाजून, पीठ आणि हळद चोळून स्वच्छ धुवा. दोन लिटर पाणी, आले-लसूण, कांदा आणि गरम मसाला घालून मंद आचेवर चार-पाच तास ठेवा. कुकरमध्ये पाऊण ते एक तास पुरतो. पायाच्या सांध्यांतला चिकट भाग शिजून पाण्यात विरघळतो, म्हणून ओठ चिकटतात आणि थंड झालेला पाया जेलीसारखा घट्ट होतो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. पायाचा रस प्यायला की हाडे मजबूत होतात, असे घरोघरी म्हणतात. प्रत्यक्षात हाडांतले कॅल्शियम रस्स्यात फारच थोडे उतरते. ते दूध, दही, नाचणी, तीळ यांतूनच घ्यावे. पाया चवीसाठी आणि उबेसाठी प्यावा.

काही घरांत पाया रात्रभर कोळशाच्या शेगडीवर ठेवतात आणि वारा लागू नये म्हणून दारे-खिडक्या बंद करून तिथेच झोपतात. असे कधीही करू नका. कोळशाचा विषारी वायू ना दिसतो, ना वास देतो; झोपेतच जीव जातो. शेगडी अंगणात किंवा ओसरीवर ठेवा.

तूरडाळ आणि शेवगा

मांस रोज परवडत नाही आणि रोज हवेच असेही नाही. आपल्या जिल्ह्यातील नवापूरच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. अर्धी वाटी डाळ, एक टोमॅटो, हळद आणि पाच-सहा लसूण पाकळ्या शिजवून घोटा. लिटरभर पाणी आणि शेवग्याच्या शेंगांचे तुकडे घालून उकळा. वरून जिरे-लसणाची फोडणी आणि चिमूटभर आमचूर घाला. धडगाव-मोलगीकडचे मिळाले तर उत्तमच. वाढताना लिंबू पिळा, म्हणजे डाळीतले लोह अंगी लागायला मदत होते.

तलबीना

जवाचे दोन चमचे पीठ कपभर पाण्यात गुठळ्या न होऊ देता दहा-पंधरा मिनिटे शिजवा. मग दूध आणि थोडा मध घाला. हजरत आयशा (रजि.) आजारी माणसासाठी आणि मयत झालेल्या घरातील दुःखी माणसांसाठी तलबीना करायला सांगत. त्याने आजाऱ्याच्या मनाला आराम मिळतो आणि दुःख थोडे हलके होते, असे पैगंबर मुहम्मद (स.) यांच्याकडून ऐकल्याचे त्या सांगत. एक वर्षाखालील बाळाला मात्र मध देऊ नये आणि त्याच्या वाटीत मीठही घालू नये. मधुमेह असलेल्यांनी मध टाळावा. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांसाठी मीठ घालण्याआधीच वाटी बाजूला काढावी.

उरलेला शोरबा थंडी आहे म्हणून रात्रभर ओट्यावर ठेवू नका. लहान भांड्यांत ओतून लवकर निववा, फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन दिवसांत खळखळ उकळून संपवा.

पातेले कोणापर्यंत पोहोचते?

सहीह मुस्लिममध्ये एक हदीस आहे. शोरबा कराल तेव्हा त्यात पाणी वाढवा आणि शेजाऱ्यांची आठवण ठेवा, अशी शिकवण पैगंबर (स.) यांनी हजरत अबू जर (रजि.) यांना दिली. किती साधी गोष्ट! बिर्याणी वाटायची तर मांस वाढवावे लागते, तांदूळ वाढवावा लागतो. शोरब्याला दोन पेले पाणी पुरते, म्हणून गरिबाच्या घरूनही वाटी बाहेर जाऊ शकते. जमल्यास पाण्याबरोबर मूठभर डाळही वाढवा, म्हणजे शेजाऱ्याकडे जाणारी वाटी कसदार राहील.

शेजारी कोण, हे विचारायला नको. दिवाळीनंतर जिल्ह्यातील कितीतरी भिल्ल, पावरा कुटुंबे ऊसतोडीला बाहेरगावी जातात. मागे राहते ती म्हातारी आई. गल्लीत एखादी विधवा असते, खोली घेऊन राहणारा विद्यार्थी असतो. जो मांस खात नाही, त्याच्यासाठी डाळीचा शोरबा वेगळ्या पातेल्यात, वेगळ्या पळीने करा आणि तसे सांगून द्या.

आमची दादी शोरबा उतरवण्याआधी झाकण उचलून पाहायची आणि अम्मीला म्हणायची, "बेटी, अजून एक पेला घाल." चव पातळ होईल, अशी कुरकुर आम्ही मुले करायचो. त्या एका पेल्याची वाटी घेऊन मला पलीकडच्या दारात पाठवले जाई. वाऱ्यात वाटी निवू नये म्हणून मी ती ओढणीखाली धरून धावायचे. शोरब्याची चव आता नीटशी आठवत नाही. दार उघडणाऱ्या त्या म्हातारीचा चेहरा मात्र स्पष्ट आठवतो.

आज संध्याकाळी पातेले चढवाल, तेव्हा एक पेला जास्त घाला.