पुढचा टायर एकाच कडेने का झिजतो?



गळीत हंगाम तोंडावर आला की ऊस वाहतुकीच्या ट्रकची डागडुजी सुरू होते. पुढे नवे टायर पडतात. महिनाभरात एक कड गुळगुळीत झाली, की दोष टायरवाल्याच्या माथी! आमचे सांगणे असे, की टायर हा रोग नव्हे, ती रोगाची खूण आहे. मूळ दुखणे तसेच ठेवून टायर बदलला, तर दुसराही त्याच वाटेने जाणार.

दोन्ही कडा झिजल्या आणि मधला पट्टा शाबूत राहिला, तर हवा कमी किंवा बोजा जादा. मधलाच पट्टा झिजला तर हवा जास्त. हवा सकाळी, टायर थंड असताना मोजावी.

एकच कड झिजली असेल तर टायरवरून हात आडवा फिरवून पाहा. एका बाजूने मऊ आणि उलट बाजूने करवतीसारखे लागले, तर चाकांची दिशा चुकली आहे. शेताच्या बांधावर आपटून टाय रॉड वाकला, की हे हमखास होते. जागोजाग खळगे पडले असतील तर शॉक अ‍ॅब्सॉर्बर, बेअरिंग आणि चाकाचा तोल तपासावा.

मात्र लगेच अलाइनमेंटला धावू नका. आधी किंगपिन पाहा. मागच्या चाकांना दगड लावा, पुढचा आस जॅकवर उचला आणि खाली भक्कम ठोकळा द्या. चाक वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. खेळ थांबला तर बेअरिंग ढिले. तरीही राहिला तर किंगपिन आणि बुश गेले. चाक डावी-उजवीकडे धरून हलले तर टाय रॉडची टोके पाहावीत. हा खेळ काढल्याशिवाय केलेले अलाइनमेंट टिकत नाही.

स्प्रिंगचे पाटेही मोजून पाहा. एखादा पाटा तुटला किंवा सेंटर बोल्ट कापला गेला, की आस सरकतो आणि गाडी एका अंगाला ओढते. यू बोल्ट आवळलेले हवेत.

बैलगाडीच्या आसाला वंगण द्यायला आपले वाडवडील कधी विसरले नाहीत. किंगपिनच्या ग्रीसची मात्र आज आठवण राहत नाही. 'अजून चालतंय की' म्हणत भरल्या गाडीचा पुढचा टायर रात्री फुटला, तर स्टिअरिंग हातात राहत नाही. ड्रायव्हरचा आणि समोरून येणाऱ्याचाही जीव जातो. तोडलेला ऊस रस्त्यावर वाळतो, वजन घटते, साखर उतारा पडतो, ते नुकसान वेगळेच.

हंगामाआधी आपण कारखान्याची मिल उघडून बेअरिंग तपासतो. तशीच गाडीही मोळी टाकण्याआधी एकदा जॅकवर घ्या. काम अर्ध्या दिवसाचे आहे.