आगीला पुरून उरणारं लाकूड

होळीच्या दुसऱ्या दिवशी राखेत एखादा जाड ओंडका हमखास सापडतो. वरून कोळसा, पण कुऱ्हाड घातली की आत कोरं लाकूड! काटक्या मात्र केव्हाच संपलेल्या. ओंडक्यावरचा कोळशाचा थर उष्णता आत जाऊ देत नाही, हवाही अडवतो. आग मिनिटाला जेमतेम पाऊण मिलिमीटर आत सरकते.

नॉर्वेत म्योसा सरोवराकाठचा, २०१९ साली पुरा झालेला १८ मजली, ८५.४ मीटर उंच लाकडी टॉवर याच भरवशावर उभा आहे. फळ्या चिकटवून केलेले त्याचे कोपऱ्यातले खांब जवळपास दीड मीटर रुंद. सांध्यांतलं पोलाद लाकडाच्या पोटात दडवलंय, कारण आगीत आधी मऊ पडतं ते पोलादच. वरच्या मजल्यांना मात्र चक्क काँक्रीटचे स्लॅब! इमारत इतकी हलकी, की वजन घातलं नाही तर वाऱ्यात डुलायची.