मोटारहोममागची मोटार आणि वॉरंटीचा पेच

अमेरिकेत निवृत्तीनंतर किंवा दीर्घ सुटीत ‘मोटारहोम’ घेऊन देशभर भटकंती करणाऱ्यांची संख्या मोठी आहे. झोपण्याची, स्वयंपाकाची आणि स्नानाची सोय असलेले हे चाकांवरचे घर मुक्कामी उभे राहिले, की खरी अडचण सुरू होते. बसएवढे वाहन घेऊन दूध-भाजी आणायला जाणे शक्य नसते. त्यामुळे अनेक जण आपली नेहमीची मोटार मागे जोडूनच प्रवासाला निघतात. चारही चाके रस्त्यावर ठेवून मोटार अशी ओढत नेण्याच्या पद्धतीला ‘फ्लॅट टोइंग’ म्हणतात. मात्र, या प्रवासात गिअरबॉक्स निकामी झाल्यास दुरुस्तीचा भुर्दंड कंपनीने सोसायचा की मालकाने, असा पेच निर्माण होतो.

वंगणाअभावी घात

ओढल्या जाणाऱ्या मोटारीचे इंजिन बंद असते. चाके मात्र तासन् तास फिरत असतात आणि त्यांच्यासोबत गिअरबॉक्सचे काही भागही फिरतात. बहुतेक ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तेल खेळवणारा पंप इंजिनच्या शक्तीवर चालतो. इंजिन बंद म्हणजे पंप बंद आणि पंप बंद म्हणजे वंगण बंद. अशा स्थितीत शेकडो किलोमीटर अंतर कापल्यास घर्षणाने उष्णता वाढून आतील भाग जळतात. गिअर ‘न्यूट्रल’मध्ये ठेवला म्हणजे धोका टळला, हा समज त्यामुळेच चुकीचा ठरतो. मॅन्युअल गिअरच्या सर्व मोटारीही या दृष्टीने निर्धोक नसतात.

याउलट जीप रँग्लरसारख्या वाहनात ‘ट्रान्स्फर केस’ न्यूट्रलमध्ये टाकून गिअरबॉक्स चाकांपासून पूर्णपणे वेगळा करता येतो. मोटारहोमच्या मागे ही जीप वारंवार दिसते, त्यामागे हेच कारण आहे.

नाव तेच, नियम वेगळा

होंडाच्या सीआर-व्ही मोटारीचे उदाहरण याबाबत बोलके आहे. अमेरिकेतील २०१४ पर्यंतच्या सीआर-व्हीला ठरावीक पद्धत पाळून फ्लॅट टोइंग करण्याची मुभा होती. २०१५ च्या मॉडेलमध्ये सीव्हीटी गिअरबॉक्स आला आणि ही मुभा संपली. म्हणजेच शेजाऱ्याची त्याच नावाची मोटार वर्षानुवर्षे विनातक्रार ओढली जात असली, तरी तो आपल्या मोटारीसाठी पुरावा ठरत नाही. मॉडेलचे वर्ष, गिअरबॉक्सचा प्रकार आणि दोन चाकांना शक्ती मिळते की चारही, या तिन्ही गोष्टींवर उत्तर अवलंबून असते.

कायद्याचे संरक्षण कुठपर्यंत?

अमेरिकेत १९७५ मध्ये मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायदा झाला. केवळ बाहेरच्या कंपनीचा सुटा भाग बसवला, एवढ्याच कारणावरून संपूर्ण वॉरंटी नाकारता येत नाही, असे तेथील फेडरल ट्रेड कमिशनने या कायद्याच्या आधारे स्पष्ट केले आहे. त्या भागामुळेच बिघाड झाला, हे कंपनीला दाखवून द्यावे लागते. त्यामुळे ओढण्यासाठी पुढच्या बाजूस ‘बेसप्लेट’ बसवली म्हणून वातानुकूलन यंत्रणेची दुरुस्ती नाकारणे कंपनीला अवघड आहे. मात्र, मागचे दिवे जोडताना तारांची चुकीची जोडणी होऊन विद्युत यंत्रणा बिघडली, तर त्या दुरुस्तीची जबाबदारी कंपनी नाकारू शकते.

फ्लॅट टोइंगला मनाई असताना मोटार ओढली आणि त्यामुळे गिअरबॉक्स जळला, तर हा कायदाही मालकाच्या मदतीला येत नाही. कारण तो उत्पादनातील दोष न राहता चुकीचा वापर ठरतो.

पुस्तिकेतील ते पान

म्हणूनच वाहनासोबत मिळणाऱ्या माहितीपुस्तिकेला येथे निर्णायक महत्त्व आहे. अमेरिकी पुस्तिकांमध्ये ‘रिक्रिएशनल टोइंग’ या शीर्षकाखाली परवानगी आहे की नाही, वेगमर्यादा किती, इंजिन मधूनमधून सुरू करावे लागते का, याचा तपशील असतो. विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनापेक्षा हे छापील पान ग्राह्य धरले जाते. परवानगी असल्यास दिलेली पद्धत तंतोतंत पाळणे आणि जोडणीच्या पावत्या जपून ठेवणे हिताचे ठरते. ओढल्या जाणाऱ्या मोटारीसाठी पूरक ब्रेक बसवण्याबाबत राज्यागणिक नियम वेगवेगळे आहेत, हेही ध्यानात घ्यावे लागते. परवानगी नसल्यास चारही चाके उचलून धरणारा ट्रेलर हा सुरक्षित पर्याय आहे.

आपल्याकडे मोटारहोमचा प्रसार फारसा नाही. मात्र, शहरांतील ऑटोमॅटिक मोटारी वाढल्या आहेत आणि बंद पडलेली मोटार दोर बांधून गॅरेजपर्यंत नेण्याची सवय कायम आहे. वंगणाचा नियम येथेही तोच आहे. त्यामुळे दोर बांधण्यापूर्वी पुस्तिकेतील टोइंगचे पान वाचावे आणि ते शक्य नसल्यास मोटार सरळ फ्लॅटबेड ट्रकवर चढवावी. ट्रकचे भाडे नव्या गिअरबॉक्सच्या किमतीपेक्षा निश्चितच कमी असते.