पोलिओचा रविवार

पहाटे साडेपाच

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारात अजून अंधार आहे. सिस्टर आयएलआरचं, म्हणजे लसींच्या आडव्या फ्रिजचं, झाकण उघडतात, थर्मामीटरवरचा आकडा वहीत लिहितात आणि मगच बाटल्यांना हात लावतात. तोंडावाटे द्यायची पोलिओची लस उष्णतेनं फार लवकर बिघडते, म्हणून ती २ ते ८ अंशांतून बाहेर काढली की दिवसभर बर्फाच्या सोबतीनं फिरवायची. प्रत्येक निळ्या कॅरिअरमध्ये चार आइसपॅक, मधे पिशवीत बाटल्या, एका बाटलीत २० डोस.

बाटलीच्या लेबलावर एक गोल असतो, गोलात चौकोन. चौकोन गोलापेक्षा फिका आहे तोवर लस चांगली. दोघांचा रंग सारखा झाला की बाटली बाजूला ठेवायची, मग ती भरलेली का असेना. आमच्या रोटरी क्लबातल्या प्रत्येक नव्या सभासदाला पहिल्यांदा मी हा चौकोन दाखवते. पोलिओच्या रविवारी गाडी चालवणाऱ्यालाही तो ओळखता आला पाहिजे, कारण दुपारच्या उन्हात कॅरिअर त्याच्याच गाडीत असतो.

आम्ही डोस पाजत नाही. ते प्रशिक्षण घेतलेल्यांचं काम. २०२१ च्या जानेवारीअखेर यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी तालुक्यातल्या एका गावात १२ मुलांना डोसाऐवजी सॅनिटायझर पाजला गेला होता. मुलं वाचली, पण तेव्हापासून बूथच्या टेबलावर लस आणि खडू-पेन सोडून काहीही ठेवू द्यायचं नाही, हे आम्ही ठरवून टाकलं. पाण्याची बाटलीसुद्धा टेबलाखाली.

सकाळी सात

पोहे आणि चहा. हा खर्च क्लबचा, आणि माझ्या मते वर्षभरातला सगळ्यात योग्य खर्च. ज्या आशाताई आणि अंगणवाडी सेविका या मोहिमेचा भार वाहतात, त्यांच्यातल्या कित्येक जणी घरची भाकरी-भाजी करून, म्हशीचं शेण काढून आलेल्या असतात. पाचपर्यंत त्यांना बूथ सोडता येणार नाही. त्यांनी पोटभर खाऊन बसावं.

खाता खाता याद्या वाचल्या जातात. आमचा तालुका कृष्णाकाठचा, उसाचा. गावातल्या मुलांची यादी अंगणवाडीत तयारच असते. वाद होतो तो बाहेरून आलेल्यांच्या यादीवर. ऊसतोडीच्या टोळ्या कुठं उतरल्यात, वीटभट्ट्या किती चालू आहेत, पुलाच्या कामावरचे मजूर गेले की आहेत, धनगरांचे वाडे कुठल्या शिवारात बसलेत. सरकारी भाषेत ही सगळी जोखमीची ठिकाणं. इथं क्लबचा खरा उपयोग होतो. आमच्यात बियाण्यांचे दुकानदार आहेत, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचे विक्रेते आहेत, एक बांधकाम कंत्राटदार आहे. कुणाच्या रानात कोण राहतंय, हे त्यांना रोजच्या धंद्यातून ठाऊक असतं. आरोग्य खात्याच्या नकाशावर नसलेल्या तीन पालांची खूण आज कंत्राटदारांनी पेनानं केली.

सकाळी आठ

एसटी स्टँडचा बूथ उघडतो. पिवळा बॅनर, दोन खुर्च्या, एक टेबल. पाच वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला दोन थेंब आणि डाव्या करंगळीच्या नखावर मार्करची खूण.

खूण करायला बसतात ते आमचे झेरॉक्सवाले. त्यांच्या उजव्या पायाला कॅलिपर आहे. ते जन्मले तेव्हा पल्स पोलिओ नव्हता. देशभरातली पहिली फेरी ९ डिसेंबर १९९५ ला झाली. दरवेळी ते सर्वांत आधी येतात आणि खुर्ची मागे सरकवून पाय पुढं ताणून बसतात. कुणी बाप पोराला घेऊन घाईनं पुढं निघाला, की ते एवढंच म्हणतात, "दादा, गाडी सुटायला अवकाश आहे. दोन थेंब पाजून जावा." बापाची नजर कॅलिपरवर जाते आणि तो थांबतो. त्यांना त्यात लाज वाटत नाही आणि अभिमानही वाटत नाही; पाय असा आहे, त्याचा आज उपयोग होतो, असं ते मला एकदा म्हणाले होते.

प्रश्न ठरलेले असतात. मागच्या वेळी दिलाय की. दवाखान्यात टोचलंय की. सर्दी झालीय. आशाताई न कंटाळता उत्तरं देतात: आधी कितीही डोस झाले असले तरी हा द्यायचा, साध्या सर्दी-तापात चालतो, जादा डोसानं अपाय नाही.

"पुन्हा पुन्हा का?" या प्रश्नाचं उत्तर मात्र आपल्या देशानं फार मोठी किंमत मोजून शिकलेलं आहे. उत्तर प्रदेश आणि बिहारमध्ये दाट वस्ती, घाण पाणी आणि सततची हगवण यांमुळं मुलांच्या आतड्यात लस नीट रुजत नव्हती. २००९ साली भारतात ७४१ रुग्ण सापडले, जगातल्या एकूण रुग्णांच्या जवळजवळ निम्मे. त्याच सुमारास या दोन राज्यांतले सर्वांत जोखमीचे १०७ ब्लॉक वेगळे काढून लसीबरोबर पाणी, स्वच्छता, हगवणीवरचा उपचार असं सगळं एकत्र हाती घेतलं गेलं. २०१० मध्ये दोन प्रकारच्या विषाणूंवर चालणारी नवी लस आली. त्या वर्षी रुग्ण ४२ झाले. २०११ मध्ये एकच, पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यातली एक लहान मुलगी. त्यानंतर नैसर्गिक (वाइल्ड) पोलिओ विषाणूचा एकही रुग्ण नाही. २७ मार्च २०१४ ला भारताला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात तो विषाणू अजून आहे, आणि म्हणून आम्ही अजून टेबल मांडून बसतो.

साडेनऊ

उद्घाटनाचे पाहुणे येतात, एका बाळाला थेंब पाजल्याचा फोटो होतो, दहा मिनिटांत सगळं आटोपतं. पाहुण्यांसाठी बूथ थांबवायचा नाही हा आमचा नियम आहे आणि तो कुणासाठीही मोडत नाही. दूरच्या एसटीनं निघालेली आई उद्घाटनासाठी थांबणार नाही.

फोटोतल्या बॅनरवर क्लबचं चाक असतं. त्या चाकामागचा इतिहास नव्या पिढीला सांगावा असाच आहे. १९७९ साली रोटरीनं फिलिपिन्समधल्या मुलांना लस देण्याचं काम अंगावर घेतलं. साठ लाख मुलांचा तो प्रकल्प. ते जमतंय म्हटल्यावर १९८५ मध्ये 'पोलिओप्लस' जाहीर झालं. सरकारं आणि जागतिक आरोग्य संघटना एकत्र येऊन जगातून पोलिओ घालवायचं ठरलं ते त्यानंतर, १९८८ मध्ये. तेव्हा वर्षाला साडेतीन लाख मुलं पोलिओनं अधू होत होती. गावोगावच्या दुकानदारांनी, डॉक्टरांनी, शिक्षकांनी वर्गणी काढून सुरू केलेल्या कामामागं सरकारं आली, हे मला फार मोलाचं वाटतं. पण पैसा उभा करणं हा त्यातला सोपा भाग होता असं आता इतक्या फेऱ्यांनंतर ठामपणे म्हणते. बूथवर आलेलं मूल आमच्याशिवायही आलं असतं. क्लबचं काम न आलेल्या मुलापासून सुरू होतं.

साडेअकरा

जीप ऊसतोडीच्या फडाकडं वळते. गाडीत आरोग्यसेविका, एक आशाताई, मी, आणि चालवायला बियाण्यांचे दुकानदार. कुठल्या शिवारात तोड चालू आहे हे ते काल रात्रीच कारखान्याच्या चिटबॉयला, म्हणजे तोडीच्या चिठ्ठ्या सांभाळणाऱ्याला, विचारून आले आहेत.

बीड, अहिल्यानगर, जालना भागातली ही माणसं दसरा-दिवाळीनंतर गाव सोडतात ती मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि उचल दिलेली असते ती कोयत्यावर. एक दिवस कामावर आलं नाही तर खाडा धरला जातो, पैसे कापले जातात. म्हणजे बूथ आठ ते पाच उघडा आहे हे या बाईला सांगून काय उपयोग? तिचा दिवस पहाटे चारला सुरू झालेला असतो आणि ट्रॅक्टर भरेपर्यंत संपत नाही. तिचं लेकरू बूथवर येऊच शकत नाही. बूथनं त्याच्याकडं यायचं.

ट्रॉलीच्या सावलीत एक झोळी बांधलेली आहे. शेजारी पाचटावर दोन मुलं उसाचं कांडं चघळत बसली आहेत. आई मोळी डोक्यावर घेऊन चालली आहे, ती थांबत नाही, चालता चालताच बोलते, "ताई, गावाकडं पाजलाय डोस."

आरोग्यसेविका मुलाची करंगळी बघतात. खूण नाही. "आजचा आहे हा, मावशी. फुकट आहे, टोचत नाही." मोळी ट्रॉलीपाशी टाकून ती परत येते, पदरानं मुलाचं तोंड पुसते आणि स्वतःच त्याची हनुवटी धरते. गाल जरा दाबले की तोंड उघडतं. दोन थेंब. करंगळीवर मार्कर आधी उमटत नाही, उसाच्या चिकट रसामुळं; नख पुसून घ्यावं लागतं.

सात-आठ वर्षांची एक मुलगी हे सगळं बारकाईनं बघत उभी आहे. मी तिलाच विचारते, तुमच्या कोपीवर, म्हणजे तळावरच्या झोपडीत, अजून कोण लहान आहे का. मुकादमाला विचारलं की तो "झाले समदे" म्हणतो, आणि त्याचंही खोटं नसतं. त्याला कोयते मोजायची सवय, लेकरं नाही. ही मुलगी मात्र बोटांवर मोजत सांगते, "आमची दोन हितं हायती. आत्याचं एक कोपीवर निजलंय, आजीपाशी. आन् त्या टोकाच्या कोपीत बारकं झालंय, परवाच्याला."

परवाचं बाळ. कुठल्याच यादीत नसलेलं. आशाताई लगेच वही उघडतात, कारण हा आता फक्त पोलिओचा प्रश्न राहिला नाही: बाळंतीण कुठं बाळंत झाली, वजन केलं का, जन्माबरोबरच्या लसी टोचल्या का. आम्ही तोडीवरून सरळ कोप्यांवर जातो. बाळ आहे, आई आहे, दोघं बरी आहेत, जन्म कोपीतच झाला आहे. थेंब पाजून होतात. उद्या सकाळी बाळ-बाळंतिणीला आरोग्य केंद्रात न्यायला क्लबची गाडी येईल असं ठरतं, आणि मुकादम दोघा नवरा-बायकोचा खाडा धरणार नाही असं दुकानदार त्याच्याकडून सर्वांसमोर कबूल करून घेतात. ते कारखान्याच्या भागातले जुने माणूस, त्यांच्या शब्दाला वजन आहे. सेवा क्लबाकडं असलेली सगळ्यात मोठी देणगी हीच, असं मला वाटतं: आपल्या ओळखीचं, प्रतिष्ठेचं वजन ज्याला कुणी विचारत नाही त्याच्या पारड्यात टाकणं.

त्या मुलीचं नावही मी वेगळ्या कागदावर लिहून घेते. ती शाळेत जात नाही. गावाकडं दुसरीत नाव आहे, पण भाऊ सांभाळायला आणलंय. अशा मुलांना गावीच ठेवता यावं म्हणून सरकारी हंगामी वसतिगृहं निघाली, कारखान्यांच्या तळावर साखरशाळा निघाल्या. 'जनार्थ'सारख्या संस्थांनी त्या शाळांसाठी वर्षानुवर्षं राबून दाखवलं. तरीही दरवर्षी पाचटावर बसलेली मुलं दिसतात. पोलिओच्या फेरीत आम्ही कोपी न् कोपी फिरतो, म्हणून सहा ते चौदा वर्षांच्या मुलांची यादीही त्याच वेळी करायला लागलो. आठवड्याभरात ती जवळच्या जिल्हा परिषद शाळेत द्यायची, हजेरीपटावर हंगामापुरती नावं घ्यायला लावायची, आणि वह्या-दप्तरं त्यानंतर. आधी दप्तरं वाटून मोकळं होण्यात काही अर्थ नाही.

दुपारी चार

वीटभट्टी. इथं काम लवकर होतं, भट्टीमालकच मुलांना रांगेत उभी करून ठेवतो.

सायंकाळी पाच

बूथ बंद होतात, पण आमची जीप पुन्हा कोप्यांकडं निघते. सकाळी तोडीवर दुसऱ्या फडात असलेली कुटुंबं आता परतली आहेत. चुली पेटल्या आहेत, बैलांना वाडं टाकलं आहे. या वेळी आया निवांत बोलतात. एकीला मूल सारखं आजारी पडतं म्हणून भीती वाटत होती. आरोग्यसेविका तिच्याजवळ बसून सगळं ऐकून घेतात, मग डोस देतात. घाई केली असती तर ती नाही म्हणाली असती, आणि पुढच्या फेरीलाही नाहीच म्हणाली असती.

रात्री साडेसात

आरोग्य केंद्रात हिशेब. उघडलेल्या बाटल्या, न उघडलेल्या बाटल्या, टॅली शीटवरच्या रेघा, सगळं जुळेपर्यंत कुणी उठत नाही. वैद्यकीय अधिकारी एकूण आकडा वाचतात, तो चांगला आहे. मग दुसरा कागद काढतात. उद्यापासून घरोघरीच्या भेटी सुरू. सगळी मुलं झाली त्या घरावर 'पी', कुणी राहिलं असेल त्या घरावर 'एक्स'. 'एक्स'ची घरं पुन्हा, आणि पुन्हा. कोपीला दार नसतं, भिंतही नसते, म्हणून तिथली खूण बांबूवर नाहीतर नुसती वहीत.

आजच्या सुटलेल्यांत एका टोळीची पाच मुलं आहेत. आम्ही पोहोचलो तेव्हा कोप्या मोडलेल्या होत्या. तिथली तोड संपून टोळी दुपारीच ट्रॅक्टरमध्ये बसून पुढच्या तालुक्यात गेली. दुकानदारांनी चिटबॉयकडून नवा तळ विचारून घेतला आहे. वैद्यकीय अधिकारी तिकडच्या आरोग्य केंद्राला फोन लावतात, मी तिकडच्या क्लबच्या सचिवांना. "बाई, नावं सांगा," सचिव म्हणतात. नावं तिघांचीच कळली आहेत, ती सांगते, उरलेल्या दोघांचं वय आणि मुकादमाचं नाव सांगते. उद्या सात वाजता त्यांची गाडी त्या तळावर जाईल, टोळी फडाकडं निघाली असली तर फडावर.