दिंडीच्या जुन्या टेम्पोचं वायरिंग : फ्यूज नक्की कोणाला वाचवतो?

आषाढी जवळ आली की सोलापूर जिल्ह्यात दिंड्यांच्या गाड्या दिसू लागतात. माउलींची पालखी धर्मपुरीला जिल्ह्यात शिरते आणि नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी करत पंढरपूरला पोचते. शेगावची गजानन महाराजांची पालखी तर सोलापूर शहरातूनच जाते. दिंडीमागे एखादा टेम्पो किंवा ट्रक असतोच. परदेशात ज्याला कॅरॅव्हॅन म्हणतात, त्याचंच हे आपलं रूप म्हणा ना! आत तंबू, भांडी, गॅसच्या टाक्या, पथाऱ्या आणि रात्री तिथेच आडवे होणारे दोन-चार थकलेले वारकरी. अलीकडे त्यात दिव्यांच्या पट्ट्या, पंखा, भजनाचा अँप्लिफायर आणि मोबाईल चार्जिंगचा बोर्डही असतो.

गाडी जुनी असेल तर मूळ वायरिंग हेडलाइट, हॉर्न आणि वायपर यांच्यापुरतंच केलेलं असतं. पुढे दर वर्षी कुणीतरी एक वायर ओढून घेतं. गाडीला रंग लागतो, हार चढतो, पण फ्यूजबॉक्सचं झाकण काही कोणी उघडत नाही.

१२ व्होल्ट म्हणजे निर्धोक नव्हे

१२ व्होल्टला हात लावला तर सहसा झटका बसत नाही, म्हणून भीती वाटत नाही. पण हिशेब करून बघा. वॅटला व्होल्टने भागलं की अँपियर मिळतात. घरातला ६० वॅटचा बल्ब २३० व्होल्टवर जेमतेम पाव अँपियर घेतो. तेवढेच ६० वॅट १२ व्होल्टवर हवे असतील तर ५ अँपियर लागतात. वायर तापते ती या अँपियरमुळे, आणि तेही वर्गाच्या प्रमाणात: करंट दुप्पट झाला तर उष्णता चौपट. त्यात शॉर्ट झालं तर गाडीची बॅटरी क्षणात शेकडो अँपियर सोडू शकते. वायरचं प्लॅस्टिक पेटायला तेवढं पुष्कळ झालं, आणि शेजारी ताडपत्री आणि चादरी असतातच.

इथे फ्यूजचं काम सुरू होतं. बरेच जण समजतात की फ्यूज पंख्याला किंवा अँप्लिफायरला वाचवतो. खरं तर तो आधी वायरला वाचवतो. म्हणून फ्यूज किती अँपियरचा हे वायरच्या जाडीवरून ठरतं. सोलापूरचा उकाडा आणि एकत्र बांधलेल्या वायरींचा जुडगा लक्षात घेऊन, हात राखून सांगायचं तर तांब्याच्या १.५ चौरस मिलिमीटर वायरला १० अँपियर, २.५ ला १५ आणि ४ ला २५. वस्तूला याहून जास्त करंट लागत असेल तर वायर जाड घ्या. नुसता फ्यूज मोठा करू नका.

फ्यूजची जागाही महत्त्वाची. तो बॅटरीच्या प्लस टोकापासून वीतभर अंतरात हवा. मागच्या बोर्डावर कितीही चांगला फ्यूज लावला, तरी बॅटरी ते बोर्ड ही पाच मीटरची वायर उघडीच राहते. पत्र्याच्या कडेला घासून ती सोलली तर मधे अडवणारं काहीच नसतं.

आता नेहमीचा जुगाड. फ्यूज उडाला, रात्रीची वेळ, दुकान बंद. मग वायरमधल्या तीन तारा काढून गुंडाळल्या. घरगुती वायरची ०.३ मिलिमीटरची एक तार वितळायला साधारण १३ अँपियर लागतात. तीन तारा म्हणजे जवळपास ४०. म्हणजे १० अँपियरच्या वायरवर तुम्ही ४० चा फ्यूज बसवला! सिगारेटच्या पाकिटातली चांदी तर कधी वितळेल याचा काही नेम नाही.

रंगाचाही एक घोळ आहे. नव्या चपट्या फ्यूजमध्ये लाल म्हणजे १० अँपियर, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. जुन्या काही गाड्यांत मात्र दोन्ही टोकांना निमुळते, वर धातूची पट्टी असलेले कांडीसारखे फ्यूज असतात. त्यात पिवळा ५, पांढरा ८, लाल १६ आणि निळा २५! फ्यूजबॉक्स बदलताना ‘निळ्याच्या जागी निळा’ असं करू नका. छापलेला आकडा वाचा.

फ्यूज शाबूत, तरी बॉक्स वितळला

हे जुन्या गाड्यांत नेहमी दिसतं आणि लोक चक्रावतात. कारण असतं सैल किंवा गंजलेला सांधा. समजा, सांध्याचा रोध फक्त ०.१ ओहम आहे आणि त्यातून २० अँपियर जात आहेत. त्या एका ठिकाणी ४० वॅट उष्णता तयार होते. साधी सोल्डरिंग गन २५ वॅटची असते! करंट मर्यादेतच असल्यामुळे फ्यूजला काही कळत नाही. म्हणून पिळून टेप मारलेले सांधे काढून टाका, योग्य मापाचे लग दाबून बसवा, आणि बॉडी-अर्थ जिथे पकडली आहे तिथला रंग व गंज घासून नट पक्का करा.

चार्जिंग बोर्डाचं गणित वेगळं. ३०० वॅटचा इन्व्हर्टर पूर्ण भारावर बॅटरीतून २८ ते ३० अँपियर ओढतो. तो लायटरच्या सॉकेटवर चालवायचा नाही. थेट बॅटरीवरून १० चौरस मिलिमीटरची वायर आणि ४० अँपियरचा फ्यूज हवा.

मुक्कामी शाळेतून किंवा मंदिरातून २३० व्होल्टची लाइन घेतली की मात्र प्रश्न माणसाच्या जिवाचा होतो. ५ अँपियरचा फ्यूज माणसाला वाचवत नाही, कारण शरीरातून ५० मिलिअँपियर गेले तरी जीव जाऊ शकतो. गाडी रबरी टायरवर उभी असते. वायर पत्र्याला टेकली तर सगळी बॉडी लाइव्ह होते, आणि चिखलात उभा असलेला माणूस दाराला हात लावतो. यासाठी लाइन जिथून घेतली तिथेच ३० मिलिअँपियरची आरसीसीबी हवी आणि अर्थची तिसरी वायर गाडीच्या बॉडीला जोडलेली हवी. आरसीसीबीचं टेस्ट बटण रोज दाबून बघा. जनरेटर असेल तर त्याचा न्यूट्रल अर्थला जोडलेला आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. तो सुटा असेल तर आरसीसीबी असूनही ट्रिप होईलच असं नाही.

गाडी निघण्याआधी दिवे, पंखा, अँप्लिफायर सगळं अर्धा तास एकदम चालू ठेवा. मग बंद करून फ्यूजबॉक्स, सांधे आणि बॅटरीची टोकं हाताने चाचपा. कोमट लागलं तर चालेल. जिथे बोट ठेववत नाही, तो सांधा खोलून पुन्हा करा.