पाखरांची हजेरी

पक्षी पाहणे हा सुखवस्तू माणसांचा उद्योग आहे, अशी एक समजूत आपल्याकडे रूढ आहे. गळ्यात दुर्बीण, पायांत भारी बूट, हाताशी सुटी आणि दूरच्या अभयारण्यातले विश्रामगृह, एवढे जमले म्हणजे मग माणूस पक्षी पाहावयास मोकळा! ज्याला पहाटेची लोकल धरावयाची आहे, किंवा रात्रपाळी संपवून वालीवहून चालत घर गाठावयाचे आहे, त्याने या भानगडीत पडू नये. आमची निम्मी हयात कामगारांच्या सभा, मागणीपत्रे आणि गेटवरच्या बैठका यांत गेली. शाळा लवकर सुटली. जे वाचले ते सार्वजनिक वाचनालयात, आणि जे पाहिले ते कामाला जाता-येता. त्या पाहण्याच्या बळावर आम्ही सांगतो की, ही समजूत निराधार आहे. कामगाराला वेळ नाही हे खरे. परंतु पाखरांची पहिली पाळी नेमकी त्याच्याच वेळेला सुरू होते. साहेब मंडळी उठेपर्यंत ती निम्मी भरलेली असते.

शिवाय आपण राहतो ती जागा पाहा. दक्षिणेस उल्हास नदीची खाडी, उत्तरेस वैतरणा, पश्चिमेस अर्नाळ्यापासून किल्ल्यापर्यंत समुद्रकिनारा आणि पूर्वेस तुंगारेश्वरचा डोंगर. मध्ये वाड्या, बावखले, मिठागरे व तिवरांची दाटी. एका तालुक्यात इतक्या तऱ्हेची जमीन क्वचितच सापडेल. विरारहून मुंबईकडे पहिली गाडी १२ एप्रिल १८६७ रोजी सुटली असे इतिहास सांगतो. तेव्हापासून आजपर्यंत या गाडीच्या खिडकीतून किती माणसांनी किती बगळे पाहिले असतील, आणि त्यांपैकी किती जणांनी 'हा कोणता बगळा?' असे स्वतःला विचारले असेल! नायगाव सुटल्यावर गाडी खाडीच्या पुलावर चढते. तेवढ्या दोन-तीन मिनिटांत दाराजवळच्या माणसाला मिठागराच्या पाण्यात लांब गुलाबी पायांचे शेकाटे, खांबावर पंख पसरून वाळत बसलेला पाणकावळा आणि वर तांबूस अंगाची, पांढऱ्या डोक्याची ब्राह्मणी घार सहज दिसते. ओहोटी असेल तर चिखलात निवट्या उड्या मारताना दिसतील. त्यासाठी वेगळे तिकीट काढावे लागत नाही.

ओळख कशी करावयाची, हा पुढचा प्रश्न. येथे आमच्या भाषेने आपले काम पुष्कळ हलके करून ठेवले आहे. पक्ष्यांची मराठी नावे मनाशी म्हणून पाहा: तांबट, सुतार, शिंपी, परीट, धीवर, कोतवाल. ही नावे ठेवणारा माणूस पोथ्यांतला नसावा. तो हाताने काम करणारा असावा, असे आम्हाला नेहमी वाटत आले आहे. पाखरू काय काम करते हे त्याने पाहिले आणि त्या कामाचे नाव त्याला दिले. तांबट म्हणजे चिमणीहून थोडा मोठा, हिरवा, कपाळावर लाल टिळा आणि गळा पिवळा असलेला पक्षी. या व्याख्यानांच्या दिवसांत, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, वड-पिंपळाच्या शेंड्यावरून त्याचे 'टुक, टुक, टुक' तासन् तास चालते. तांब्याच्या हंड्यावर कोणी हातोडी मारीत आहे असाच भास होतो. शिंपी पानाच्या कडांना भोके पाडून कोळ्याच्या जाळ्याने किंवा कापसाच्या तंतूंनी ती शिवतो आणि त्या पिशवीत घरटे करतो. चाळीच्या गॅलरीतल्या कुंडीतसुद्धा तो हा कारखाना थाटतो. परीट सप्टेंबर-ऑक्टोबरात येतो आणि कारखान्याच्या पत्र्यावर, फलाटाच्या कडेला शेपटी सारखी खालीवर आपटीत चालतो. काळाभोर, दुभंगलेल्या शेपटीचा कोतवाल आपल्या घरट्याजवळ आलेल्या कावळ्याला आणि घारीलाही पिटाळून लावतो. म्हणून हळद्या आणि होला असे गरीब पक्षी त्याच्याच झाडावर बिऱ्हाड करतात. ज्याच्याशी आमचे कधी भांडण झाले नाही असा हा एकच कोतवाल.

नाव ठाऊक नसेल तेव्हा माप घ्यावे. चिमणी, साळुंकी, कावळा आणि घार ही आपली चार वजने. दिसलेला पक्षी यांपैकी कोणाएवढा, हे आधी ठरवावे. मग चोच पाहावी, कारण चोच हे त्याचे हत्यार आहे आणि हत्यारावरून धंदा कळतो. त्यानंतर तो कोठे बसला, चालतो की टुणटुण उडतो, आवाज कसा, हे पाहावे. रंग शेवटी. रंगावर विसंबणारा हमखास गोंधळतो. बावखलाच्या काठावर मातकट, पट्टेदार, मान आखडून बसलेली ढोकरी दोन हातांवरून दिसत नाही. पण ती उडाली की एकदम पांढरी शुभ्र होते, कारण तिचे पंख पांढरे असतात आणि बसल्यावर ते झाकले जातात. नवखा माणूस म्हणतो, 'बसला होता तो वेगळा आणि उडाला तो वेगळा.' अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात येणाऱ्या तपकिरी डोक्याच्या कुरवाची गंमत याहून मोठी. आपल्याकडे असतो तेव्हा त्याचे डोके पांढरेच असते, कानामागे एक काळसर डाग तेवढा. मार्च-एप्रिलमध्ये परतीची तयारी होते तेव्हा डोके तपकिरी होऊ लागते. नावाप्रमाणे दिसू लागतो तोच तो तिबेट आणि मध्य आशियाकडे निघून जातो. असल्या प्रवाशांना बोटीवरून शेव-गाठ्या टाकण्याची जी चाल पडली आहे, ती आम्हाला साफ नापसंत आहे. हजारो मैलांवरून येणाऱ्या पाहुण्याला तळणीचे पदार्थ मानवत नाहीत.

पदवी नाही, प्रयोगशाळा नाही, म्हणून आपले पाहणे कच्चे, असे ज्यांना वाटते त्यांनी सालिम अली यांचे उदाहरण आठवावे. जन्म १८९६ चा. विद्यापीठाची पुरती पदवी नसल्यामुळे सरकारी पक्षिशास्त्रज्ञाची जागा त्यांना मिळाली नाही. ते किहीमला, अलिबागजवळच्या समुद्रकाठच्या घरी, जाऊन राहिले आणि घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती ती पाहत बसले. नर घरटे अर्धवट विणतो. मादी येऊन ते तपासते. पसंत पडले तर तो ते पुरे करतो आणि लगेच दुसरे घरटे आणि दुसरी मादी यांच्या मागे लागतो, हा सगळा व्यवहार त्यांनी रोजच्या रोज टिपून प्रसिद्ध केला. जगाला त्यांचे नाव कळण्यास ते टिपण पुष्कळ कारणी लागले. ते काम घराच्या आवारातले होते, ही गोष्ट महत्त्वाची.

चार पायांच्या शेजाऱ्यांविषयी मात्र थोडे जपून बोलले पाहिजे, कारण त्यांची पाळी रात्रीची. मुंगूस आणि खार दिवसा भेटतात. रात्री कौलांवर धावते ते पुष्कळदा मांजर नसून उदमांजर असते. माडावरच्या ताडीच्या मडक्यात तोंड घालण्याच्या सवयीमुळे इंग्रजांनी त्याला 'ताडीमांजर' म्हटले. खाडीकाठच्या तिवरांत कोल्हा आहे. तो खेकड्यांवर आणि मिळेल त्यावर गुजराण करतो आणि तिन्हीसांजेला हुकी देतो. आणि बिबट्या? तुंगारेश्वरला २००३ साली अभयारण्य जाहीर झाले, त्या डोंगरात तो आहेच. पण तो डोंगरातच असतो असे नव्हे. २००९ साली नगर जिल्ह्यातील एका विहिरीतून काढलेला एक वयस्क नर, गळ्यात यंत्राचा पट्टा बांधून, माळशेज घाटात सोडण्यात आला. विद्या अत्रेय यांच्या पथकाने त्याचा माग ठेवला. त्याचे नाव 'आजोबा' पडले. सुमारे १२० किलोमीटर चालत तो वसईच्या औद्योगिक पट्ट्याजवळून गेला, खाडी पोहून पार झाला आणि पलीकडे बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात शिरला. त्या दिवसांत आम्ही याच भागात गेटसभा घेत होतो. बिबट्याचा शब्दही कोणाच्या तोंडून आमच्या कानी आला नाही. त्याला माणसाशी काही कर्तव्य नव्हते. डिसेंबर २०११ मध्ये रस्त्यावर वाहनाची धडक बसून तो मेला.

याउलट २०२४ च्या मार्चअखेर किल्ल्याच्या परिसरात बिबट्या दिसला तेव्हा गावभर धाक पसरला. सुमारे साडेतीन आठवड्यांनी वनखात्याने त्याला पिंजऱ्यात घेतले. त्या आठवड्यांत बिबट्यापेक्षा मोबाईल घेऊन धावणाऱ्या गर्दीचीच आम्हाला अधिक धास्ती वाटली. बिबट्या दिसल्यास पाठलाग करू नये, वाट अडवू नये, पोरांना एकटे सोडू नये आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. कोंडलेला प्राणी काय करील ते कोणीच सांगू शकत नाही, आणि माणसाचेही तसेच आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. नुसते पाहून भागत नाही, लिहिले पाहिजे. आमच्या धंद्यात हे फार लवकर कळते. एखाद्या माणसाने कारखान्यात दहा वर्षे घाम गाळलेला असतो; पण त्याचे नाव मस्टरवर नसते. कामगार न्यायालयात किती खटले वर्षात २४० दिवस भरले की नाही या एकाच प्रश्नावर अडले, ते आम्ही जवळून पाहिले आहे. माणूस खरा, काम खरे, आणि कागद नाही म्हणून दोन्ही नाहीत! पाखरांचे आणि पाण्याचेही असेच होते.

बावखल म्हणजे काय, हे बाहेरून आलेल्या मंडळींसाठी सांगतो. ती धड विहीर नव्हे की तळे नव्हे. वाडीला शिंपण्यासाठी राखलेला गोड्या पाण्याचा खोलगट डोह. पावसाचे पाणी त्यात साठते, जमिनीत मुरते आणि समुद्राच्या खाऱ्या पाण्याला आत शिरू देत नाही. काठाच्या झाडीत खंड्या, ढोकरी आणि पांढऱ्या छातीची पाणकोंबडी हक्काने राहतात. वसईच्या पाण्यासाठी आणि हिरवाईसाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीने जो लढा दिला तो जुन्या मंडळींना आठवत असेल. तरीही भराव पडत राहिले. असाच एक भराव पडू लागला तेव्हा आम्ही काही जण अर्ज घेऊन एका कचेरीत गेलो. समोरच्या गृहस्थांनी शांतपणे विचारले, 'येथे बारमाही पाणी होते याला पुरावा काय?' आम्ही सारे डोळ्यांचे साक्षीदार. कागद एकाजवळही नव्हता.

कागद निघाला तो आमच्या एका लेथवरच्या सहकाऱ्याच्या घरी. त्यास पाखरांचा नाद. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत, दुधाच्या हिशेबाशेजारी, त्याने अकरा वर्षे बारीक अक्षरात लिहिले होते: 'पा.कों. ३ पिल्ले', 'खंड्या १', 'मे, पाणी गुडघाभर'. या पानांच्या प्रती अर्जाला जोडल्या. भराव अर्ध्यावर थांबला. अर्धे बावखल गेले ते गेलेच. उरलेल्या अर्ध्यात अजून पाणी आहे.

अशाच सामान्य लोकांच्या टिपणांचे वजन देशपातळीवरही पडते. भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा जो अहवाल २०२३ साली निघाला, तो सुमारे ३० हजार निरीक्षकांच्या ३ कोटी नोंदींवर उभा आहे. दीर्घ काळाचा कल काढता आला अशा ३३८ जातींपैकी २०४ कमी होत आहेत, हे त्यातूनच कळले. दर फेब्रुवारीत चार दिवस परसातील पाखरांची मोजणी होते, तीत कोणालाही भाग घेता येतो. पंधरा मिनिटे पुरतात.

लिहिण्याची रीत साधी. तारीख, वेळ, जागा, पक्षी, संख्या. नाव नक्की नसेल तर वर्णन लिहावे, अंदाजाने नाव ठोकू नये. गेलो आणि काहीच दिसले नाही, तर तेही लिहावे. मस्टरवर गैरहजेरीला जेवढी किंमत असते तेवढीच येथे आहे. आणि जागा एकच धरावी. दहा ठिकाणी एकेकदा जाण्यापेक्षा रोजच्या वाटेवरचे एक झाड वा एक बावखल वर्षभर पाहिलेले बरे.

आरंभ याच महिन्यात करता येईल. कुरव गेले आहेत. पावशा ओरडू लागला आहे. मेअखेर किंवा जूनच्या आरंभी पावसाच्या वाऱ्याबरोबर आफ्रिकेकडून चातक येईल: काळा-पांढरा, डोक्यावर शेंडी, साळुंकीहून थोडा मोठा, शेपूट लांब. सातभाईंचा थवा ओरडा करीत असेल तेथे त्याला शोधावे, कारण मादीला अंडी त्यांच्याच घरट्यात घालावयाची असतात. तो वसईत पहिल्याने कोणत्या तारखेला, कोठे आणि कोणाला दिसला, ते आम्हाला एका पोस्टकार्डावर कळवावे.